हातचा कुठे हरवला?

४२ वजा १७ किती?

नागपूर जिल्ह्यातल्या भिवापुरात दुसरीत शिकणाऱ्या एका मुलीने माझ्यासमोर वहीत उत्तर लिहिलं : ३५. अक्षर सुरेख, खाली दुहेरी रेघ, चेहऱ्यावर पुरती खात्री. तिची आई मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरच्या निवडायच्या जागी, देठ खुडायला जाते. आईच्या हातात घड्या पडून मऊ झालेलं एक रंगीत पत्रक होतं.

"भाऊ, पोरीले कोणता किलास लावू, सांगा ना जी. शेजारच्यानं त्याच्या पोराले नागपुरात लावला. आपली मागं राहीन ना."

पत्रक गणिताच्या जादा वर्गाचं. वय वर्षे पाच ते बारा. विजेच्या वेगाने आकडेमोड, एकाग्रता, स्मरणशक्ती, आत्मविश्वास, मेंदूच्या दोन्ही बाजूंचा विकास. वर्षाची फी एकदम भरली तर सवलत. सगळं होतं त्यावर. या मुलीने ३५ का लिहिलं ते कोण बघणार, एवढंच नव्हतं.

मी बघितलं. पाच मिनिटं लागली.

"कसं केलंस गं?" ती म्हणाली, "दोनातून सात जात नाही. म्हणून सातातून दोन काढले, पाच. चारातून एक गेला, तीन." पोरीने आळस केला नव्हता, अंदाजही मारला नव्हता. मोठ्यातून लहान काढायचा, हा नियम तिने मनाशी धरला होता आणि तो इमानाने पाळला होता. हातचा घ्यायचा असतो, दशक सुटा करायचा असतो, हे तिला कोणी कळेल असं दाखवलंच नव्हतं.

मग विचारलं, "तुझ्याजवळ बेचाळीस रुपये आहेत. सतरा रुपयांचा खाऊ घेतला. किती उरले?" तिने वर आढ्याकडे पाहिलं, बोटं हलवली. "सतराचे वीस व्हायला तीन. विसाचे चाळीस व्हायला वीस. अन् वरचे दोन. पंचवीस."

बरोबर! वहीत ३५ आणि खिशात २५. एकाच डोक्यात एकाच गणिताची दोन उत्तरं राहतात, आणि ती एकमेकांना कधी भेटलेली नाहीत.

आता सांगा, कोणता क्लास लावायचा?

हा प्रकार भिवापूरपुरता नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ, लिंबं विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. गिऱ्हाईक होऊन हिशेब विचारला तेव्हा त्यांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. तशीच गणितं गोष्टीच्या रूपात कागदावर दिली, तर बरोबर उत्तरं ७४ टक्क्यांवर आली. नुसते आकडे मांडून दिले, तर ३७ टक्क्यांवर. पोरं तीच, आकडेमोड तीच. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांबाबतही हेच दाखवलं. ते संशोधन २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये आलं. बाजारातली मुलं तोंडी हिशेबात तरबेज आणि वहीत अडखळणारी. शाळेतली मुलं वहीतलं करणारी आणि बाजारात गोंधळणारी.

म्हणून पहिला टोला जाहिरातदारांना. या मुलीला वेग नको आहे. तिला घड्याळ लावून शंभर वजाबाक्या सोडवायला बसवलंत, तर ती शंभर वेळा तीच चूक गिरवेल आणि मग ती चूक पक्की होईल. तिच्या दोन उत्तरांमध्ये पूल बांधणारा माणूस तिला हवा आहे.

दुसरा टोला आपल्याला, पालकांना. मुलाला सदरा शिवायचा तर आपण शिंप्याकडे त्याला सोबत नेतो, खांद्यापासून मनगटापर्यंत माप देतो. गणिताचा वर्ग मात्र शेजाऱ्याच्या मुलाच्या मापाने घेतो. शेजारचा चौथीत, आपली दुसरीत. शेजारच्याला पाढे तोंडपाठ, आपलीचा दशक सुटत नाही. तरी क्लास तोच. मापच घेतलं नाही, तर कापड कितीही भारी असून काय उपयोग?

गणित शिकवण्याच्या, जगभर पसरलेल्या कुमोन पद्धतीची सुरुवात बघा. १९५४ मध्ये जपानमधल्या ओसाकात दुसरीतल्या ताकेशी नावाच्या मुलाच्या खिशात आईला गणिताच्या पेपराची घडी सापडली. गुण वाईट होते. वडील तोरू कुमोन शाळेत गणित शिकवायचे. त्यांनी मुलासाठी स्वतःच्या हाताने रोजची गणितं लिहायला घेतली. आज पुरी झाली त्याच्या पुढची उद्या. पुढे त्यातून केंद्रं निघाली, कंपनी झाली, देशोदेशी पसरली. पण मुळात ते एका बापाने एका पोराची वही बघून काढलेले कागद होते. तो बाप आधी पोराजवळ बसला. आपण उलटं करतो. कागदांचा गठ्ठा विकत घेतो आणि पोराजवळ बसायचं राहून जातं.

अबॅकसचं काय? तालुक्याच्या गावापर्यंत पोचलेलं हे सगळ्यात मोठं आकर्षण. त्यावर चांगला अभ्यास झाला आहे आणि तोही आपल्या शेजारी, वडोदऱ्यात. साध्या घरांतल्या मुलांच्या शाळेत २०४ मुलं निवडली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एकाला मनातल्या मण्यांचं अबॅकस शिकवलं, दुसऱ्याला तेवढाच वेळ नेहमीचं जादा गणित. तीन वर्षं हे चाललं. निष्कर्ष २०१६ मध्ये छापून आला. अबॅकसच्या मुलांची आकडेमोड दुसऱ्या गटापेक्षा सुधारली, हे खरं. स्मरणशक्ती, एकाग्रता यांसारख्या मूळ क्षमता मात्र त्यामुळे वाढलेल्या दिसल्या नाहीत. तेव्हा आकडेमोडीसाठी अबॅकस लावा, मुलाला आवडत असेल तर जरूर लावा. मेंदूचा कायापालट म्हणून कोणी विकत असेल, तर त्याला वडोदऱ्याचं विचारा.

वैदिक गणिताचं नातं तर थेट आपल्या नागपूरशी आहे. पुरीच्या गोवर्धन मठाचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ यांनी १९५३ मध्ये नागपुरात विश्वपुनर्निर्माण संघ स्थापन केला. १९६० मध्ये ते गेले आणि त्यांचं पुस्तक १९६५ मध्ये छापून आलं. त्यातल्या क्लृप्त्या खरोखर देखण्या आहेत. ३५ चा वर्ग करायचा? तीनला त्याच्या पुढच्या चारने गुणा, बारा. त्यापुढे पंचवीस लिहा. १२२५. चौथी-पाचवीतल्या मुलाला हे दाखवा आणि असं का होतं, हेही शोधायला लावा. त्याचे डोळे चमकतील. पण ज्या मुलीला ४२ मध्ये चार दशक आहेत हेच उमगलं नाही, तिला क्लृप्ती देणं म्हणजे पाया न खणता कळस चढवणं. ही सूत्रं वेदांत सापडत नाहीत, असं त्या पुस्तकाच्या संपादकांनीच नोंदवलं आहे आणि गणितज्ञ एस. जी. दाणी यांनी त्यावर सविस्तर लिहिलं आहे. पुण्य मिळेल म्हणून लावू नका. मुलाची पायरी ती असेल तर लावा.

राहिली मोबाइलवरची ॲप्स. देशातली सगळ्यात गाजलेली शिकवणी कंपनी, बायजूज, २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. जाहिरात किती मोठी, यावरून मुलाच्या शिकण्याचा अंदाज बांधू नये, एवढा धडा त्यातून आपण घेतला तरी पुष्कळ. आणि सहा-सात वर्षांच्या मुलाबाबत एक साधी गोष्ट लक्षात ठेवा. पडदा उत्तराला हिरवी खूण देईल किंवा लाल फुली मारेल. "कसं केलंस गं?" असं तो विचारणार नाही. ३५ ला फुली मिळेल, मुलगी पुढचं बटण दाबेल आणि तिचा तो चुकीचा नियम जिथे होता तिथेच राहील.

आता भाषेचं. हा मुद्दा कुठल्याच पत्रकावर नसतो, आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोठा आहे.

मराठीत आपण त्रेपन्न म्हणतो. आधी तीन, मग पन्नास. लिहिताना आधी पाच, मग तीन. लहान मूल ऐकतं तसं लिहितं आणि ३५ लिहून बसतं. एकोणतीस म्हणताना तीस ऐकू येतात, लिहायचे मात्र २९. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ मध्ये जुन्या नावांसोबत 'वीस एक', 'वीस दोन' अशी नावंही दिली, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला! विधिमंडळापासून चहाच्या टपरीपर्यंत सगळ्यांनी भाषेचा अभिमान दाखवला. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या, की जुने शब्द काढलेले नाहीत, जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांत पोरं अडतात म्हणून ही जास्तीची वाट आहे. ज्या बाईंनी मुलांसाठी 'गणितगप्पा' आणि 'गणिताच्या सोप्या वाटा' लिहिल्या, त्यांना गणित कुठे टोचतं हे आपल्यापेक्षा जास्त माहीत होतं. २०२३ मध्ये त्या गेल्या. त्यांनी दाखवलेलं दुखणं अजून तसंच आहे.

आणि आता त्यावर दुसरं चढलं आहे. घरात त्रेपन्न, शाळेत फिफ्टी थ्री, क्लासच्या कागदावर सूचना इंग्रजीत. आपण म्हणतो, पोर गणितात कच्चं आहे. पोर गणितापर्यंत पोचलेलंच नसतं, ते भाषेच्या उंबऱ्यातच अडलेलं असतं. तुमचं मूल ज्या भाषेत हिशेब करतं, तिच्यात त्याला समजावणारा माणूस क्लासमध्ये नसेल, तर तो क्लास या वयाला योग्य नाही. इंग्रजी नावं पुढे आठवड्याभरात पाठ होतात. समज तशी पाठ करता येत नाही.

मग निवडायचं कसं?

आधी घरीच माप घ्या. 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत मुलांना विचारतात तोच क्रम ठेवा. १ ते ९ अंक ओळखतं का? ११ ते ९९ मधले वाचतं का? हातच्याची दोन अंकी वजाबाकी करतं का? तीन अंकी संख्येला एका अंकाने भागतं का? जिथे मूल थांबेल, ती त्याची पायरी. इयत्ता काय ते विसरा. प्रत्येक उत्तरानंतर, बरोबर असो की चूक, कसं केलं ते विचारा आणि मधे बोलू नका.

मग मूल कोणत्या प्रकारचं आहे ते बघा. अडलेल्या मुलाला त्याच्या पायरीवर येऊन शिकवणारा माणूस हवा आणि हातात धरायच्या वस्तू हव्यात : मणी, काड्या, नोटा. ज्याला समजतं पण हात बसलेला नाही, त्याला रोज पंधरा-वीस मिनिटांचा सराव पुरतो. तिथे सरावाच्या कागदांचा वर्ग कामाचा. घाबरलेल्या मुलाला तर आधी क्लासच नको. त्याला पत्ते, सापशिडी, चौपट, दुकान-दुकान हवं. आणि जे मूल पुढे आहे, कंटाळलं आहे, त्याला पुढच्या वर्गाचं पुस्तक कोंबू नका. त्याला कोडी द्या.

कोड्यांना पैसे लागत नाहीत. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी ६१७४ ही संख्या जगाला दिली. त्याच खेळाचा छोटा अवतार दुसरी-तिसरीच्या पोराला द्या. कोणतेही तीन वेगवेगळे अंक घ्या. समजा ८, १, ३. सगळ्यात मोठी संख्या ८३१, सगळ्यात लहान १३८. वजा करा, ६९३. पुन्हा तेच, ९६३ वजा ३६९, ५९४. पुन्हा, ९५४ वजा ४५९, ४९५. आता कितीही वेळा करा, ४९५ च. दुसरे अंक घ्या, शेवट तोच. पोर संध्याकाळभर हातच्याच्या वजाबाक्या करील आणि त्याला अभ्यास केल्यासारखं वाटणारही नाही. एका शाळामास्तराने नुसतं संख्यांशी खेळत जे केलं, ते आपण हजारो रुपये भरून शोधत फिरतो.

क्लास बघायला जाल तेव्हा बक्षिसांची कपाटं बघू नका. एक तास मागे बसून घ्या. मूल चुकल्यावर शिकवणारा काय करतो, एवढंच बघा. खोडून बरोबर उत्तर लिहून देतो, की विचारतो? बोटांवर मोजणाऱ्या मुलाला दटावतो का? बोटं ही निसर्गाने दिलेली पहिली मणिमाळ आहे, ती या वयात कोणी हिसकावून घेऊ नये. वर्षाची फी एकदम मागत असतील, तर महिन्याची देतो म्हणा. महिन्याने विचारा, "माझ्या मुलीचं नेमकं कुठे अडतं?" त्यावर "हुशार आहे, थोडं लक्ष कमी आहे" एवढंच मिळालं, तर दप्तर उचला आणि घरी या. आणि भिवापूरहून उमरेडमार्गे नागपूर गाठून परत यायला सुटीचा अख्खा दिवस जात असेल, तर तो दिवसही फीमध्ये धरा. सात वर्षांच्या मुलाच्या रविवारालाही किंमत आहे.

त्याला किती यायला हवं, याचंही भान ठेवा. २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' मोहिमेने दुसरीच्या मुलासाठी ठेवलेलं लक्ष्य काय? ९९९ पर्यंत संख्या लिहिता-वाचता याव्यात आणि ९९ पर्यंतच्या संख्यांची वजाबाकी यावी. बस्स. पत्रकावरच्या पाच अंकी गुणाकाराची त्याला आज गरज नाही. ४२ वजा १७ ची आहे.

शेवटचा टोला मात्र त्या आईला नाही, आणि क्लासवाल्यालाही नाही. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतात तिसरीतल्या जेमतेम ३३.७ टक्के मुलांना हातच्याची वजाबाकी आली. म्हणजे तिघांतल्या दोघांना ४२ वजा १७ जमत नाही. २०२२ मध्ये तर हा आकडा २५.९ होता. सुधारणा झाली, त्याबद्दल शिक्षकांना मान द्यायलाच हवा. पण दोन तृतीयांश मुलं एकाच दगडाला ठेचकाळत असतील, तर दोष मुलांच्या पायांत नाही, वाटेत आहे. तो दगड शाळेनेच उचलायचा आहे. किलोवर देठ खुडून मजुरी मिळवणाऱ्या बाईने आपली कमाई खर्चून तो उचलावा, अशी वेळ तिच्यावर आणणं हा अन्याय आहे. शिक्षकांना सर्वेक्षणं आणि माहिती भरण्याच्या कामांतून सोडवा. रोज एक तास त्यांना मुलांच्या पायरीवर बसू द्या. जादा वर्ग ज्याला हवा त्याने हौसेने लावावा. हातच्यासाठी तो लावावा लागू नये.

त्या संध्याकाळी ओसरीवर आम्ही खराट्याच्या काड्या मोडल्या. दहा-दहाचे चार गठ्ठे रबराने बांधले, दोन काड्या सुट्या ठेवल्या. मुलीला म्हटलं, "यातून सतरा मला दे." तिने एक गठ्ठा दिला. मग दोन सुट्या दिल्या. पाच कमी पडल्या. ती थांबली. गठ्ठ्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. कोणी काही बोललं नाही. मग तिने एका गठ्ठ्याचं रबर काढलं.

"हा सोडावा लागते!"

दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या उरल्या. तिने वही ओढली, ३५ वर काट मारली आणि २५ लिहिलं. खिशातलं आणि वहीतलं उत्तर पहिल्यांदा एक झालं.

आईने पत्रकाची घडी घातली. "किलास लावू का नाही मग?" तिने विचारलं.

"आधी पंधरा दिवस रोज काड्या घेऊन बसा तिच्याजवळ," मी म्हटलं. "मग तिलाच विचारू, तिला काय शिकायचं आहे."